खडीचा वाफा पुन्हा पुन्हा तुंबतो: गावाच्या सांडपाणी व्यवस्थेत काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

सांडपाणी गाळणाऱ्या खडीच्या वाफ्यावर पाणी दिसता कामा नये. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ५ ते १० सेंटीमीटर राहायला हवी, म्हणजे वाफ्यावरून चालत गेलं तरी चपला कोरड्या राहतात. पाणी वर आलं की डास होतात, वास सुटतो, आणि न गाळलेलं पाणी खडीत न शिरता वरच्यावर वाहून थेट नाल्याला मिळतं. मग सगळी व्यवस्था असून नसल्यासारखी.

इथे ज्या व्यवस्थेबद्दल लिहिलं आहे ती छोट्या वस्त्यांत नेहमी दिसते: घरांपासून येणारी पाइपलाइन आणि मधले चेंबर, दोन-तीन कप्प्यांची सेप्टिक टाकी, तिच्यापुढे कर्दळ किंवा पाणकणीस लावलेला खडीचा वाफा आणि शेवटी बाहेरचं चेंबर. मोटार नाही, सगळं उतारावर चालतं. ती बिघडली की बहुतेक ठिकाणी पहिला निर्णय होतो तो खडी बदलायचा. हा सगळ्यात महागडा उपाय आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा, कारण वाफा क्वचितच आपणहून तुंबतो. टाकीतून सुटलेला गाळ त्याला तुंबवतो. टाकी तशीच ठेवून खडी बदलली तर नवी खडीही त्याच वाटेने जाते.

आधी लक्षणं नीट बघा

नुसतं ‘वाफा भरलाय’ म्हणून भागत नाही. पाणी कुठे आणि केव्हा दिसतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

- पाणी फक्त शिरायच्या टोकाला साचतं, पुढचा वाफा कोरडा आहे: सुरुवातीची खडी किंवा वाटपाचा पाइप (टाकीतलं पाणी वाफ्यात पसरवणारा) तुंबलाय.
- संपूर्ण वाफ्यावर सारखं पाणी आहे: बाहेरचा मार्ग अडलाय, किंवा एल्बो (बाहेरच्या चेंबरमधला पाइपाचा वाकडा तुकडा) फार वर ठेवलाय.
- एका कडेला डबकं, दुसऱ्या कडेची झाडं पिवळी: वाटपाचा पाइप एका बाजूला झुकलाय किंवा त्याची भोकं बुजलीत.
- फक्त पाऊस पडल्यावर भरतो, दोन दिवसांनी ओसरतो: पावसाचं पाणी लाइनमध्ये शिरतंय.
- वाफा ठीक दिसतो पण घरांच्या मोऱ्यांतून बुडबुड आवाज येतो, वरच्या चेंबरमध्ये पाणी चढतं: अडथळा टाकीच्या आधी किंवा टाकीच्या तोंडाशी आहे, वाफ्यात नाही.
- बाहेर पडणारं पाणी काळपट, कुजक्या अंड्याच्या वासाचं: टाकीतला गाळ पुढे चाललाय, किंवा वाफ्यावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार आहे.

किंचित पिवळसर, पण तळ दिसेल इतकं नितळ पाणी बाहेर पडत असेल तर काळजीचं कारण नाही. खडीत हात घातल्यावर खालचे दगड काळे दिसले तरी घाबरू नका. आत प्राणवायू कमी असतो, तिथे तो रंग येतोच.

कामाला लागण्याआधी गमबूट, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाला. हातावर जखम असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्याने करावं.

१. बाहेरचं चेंबर आणि फिरता एल्बो

पाच मिनिटांचं काम, खर्च काही नाही. बाहेरच्या चेंबरमध्ये पाइपाला एक एल्बो असतो. त्याचं तोंड वर-खाली फिरवलं की वाफ्यातली पातळी बदलते. झाडं लहान असताना पाणी वर ठेवण्यासाठी तो उचललेला असतो आणि नंतर खाली करायचा राहून जातो. कधी चेंबर साफ करताना धक्का लागून तो फिरतो.

तोंड एकदम खाली करू नका. ५ सेंटीमीटर खाली आणा, एक दिवस थांबा, वाफा बघा. या एका दिवसात मोठा प्रश्न सुटतो: संपूर्ण वाफ्यातलं पाणी उतरलं तर आत अडथळा नाही. बाहेरच्या टोकाची पातळी उतरली, पण शिरायच्या टोकाचं डबकं जसंच्या तसं राहिलं, तर अडथळा खडीत किंवा वाटपाच्या पाइपात आहे. आणि एल्बो खाली करूनही थेंब थेंबच पाणी येत असेल तर तळातला गोळा करणारा पाइप मुळांनी भरलाय. एल्बो काढा, नळीने उलट्या दिशेने पाणी मारा, निघतील तेवढी मुळं ओढून काढा. योग्य पातळी सापडली की चेंबरच्या भिंतीवर रंगाने रेघ मारा. पुढच्या माणसाला अंदाज करत बसावं लागणार नाही.

२. वाटपाचा पाइप

टाकीतून आलेलं पाणी वाफ्याच्या संपूर्ण रुंदीला सारखं पडावं म्हणून भोकांचा आडवा पाइप असतो. त्या भोकांत बुळबुळीत थर साचतो आणि बारीक चिंध्या अडकतात. दोन्ही टोकांची झाकणं उघडा. टोकांना झाकणंच नसतील तर ती बसवून घ्या, नाहीतर हा पाइप कधीच साफ होणार नाही. आतून लांब दांड्याचा ब्रश फिरवा, बाहेरून प्रत्येक भोक काडीने मोकळं करा. मळीचं पाणी खडीवर सोडू नका. बादलीत धरून टाकीच्या पहिल्या कप्प्यात ओता.

मग पाइपाची पातळी बघा. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी पुरते. १० मीटरच्या पाइपात २ सेंटीमीटरचा फरक असला तरी जवळजवळ सगळं पाणी खालच्या बाजूला पडतं आणि अर्ध्या वाफ्याला सगळ्या गावाचा भार उचलावा लागतो. एका कडेचं डबकं खडी न हलवता, नुसता पाइप समपातळीत आणून जातं.

याच वेळी वाफ्याचे काठ तपासा. काठ खडीपेक्षा १५–२० सेंटीमीटर उंच नसतील तर पहिल्या जोरदार पावसात बाजूची माती खडीत उतरते. वाळलेली पानंही उचला. ती कुजून वर जो चिकट थर होतो, तो पाण्याला आत जाऊ देत नाही.

३. काचेची बाटली

ही चाचणी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. टाकीतून वाफ्याकडे जाणारं पाणी सकाळच्या गर्दीच्या वेळी एका स्वच्छ, पारदर्शक १ लिटरच्या बाटलीत घ्या. झाकण लावून सावलीत, न हलवता एक तास ठेवा.

चांगल्या टाकीचं पाणी तासाभरानंतरही करडं, धुरकटच राहतं, पण तळाशी जवळजवळ काही बसत नाही. तळाशी चहाच्या चमचाभर काळा गाळ बसला तर टाकी तिचं काम करत नाही. हिशोब करा: लिटरला ५ मिलिलिटर, म्हणजे २०० माणसांच्या वस्तीच्या रोजच्या १६,००० लिटर पाण्यातून ८० लिटर पातळ गाळ. दररोज एवढा गाळ खडीच्या पहिल्या मीटर-दीड मीटरमध्ये जाऊन बसतोय. बाटलीत गाळ दिसला की खडीचा विचार बाजूला ठेवून टाकीकडे वळा.

४. येतंय किती?

टाकीत पाणी निदान एक ते दोन दिवस थांबलं तरच गाळ खाली बसतो. जास्त पाणी आलं की ते टाकी ढवळून पुढे जातं. म्हणून बादली आणि घड्याळ घेऊन आवक मोजा. पाइप चेंबरमध्ये उंचावरून पडत असेल तर २० लिटरची बादली खाली धरा. तशी जागा नसेल तर उथळ चेंबरचं पुढचं तोंड थोडा वेळ बंद करून पाणी किती चढतं ते पट्टीने मोजा. ६० × ६० सेंटीमीटरच्या चेंबरमध्ये पाणी १ सेंटीमीटर चढलं की ३.६ लिटर आलं.

सकाळी मोजाच, पण खरं मोजमाप पहाटे २ ते ४ मधलं. त्या वेळी कोणी आंघोळ करत नाही, भांडी घासत नाही. लाइन जवळजवळ कोरडी असायला हवी. तेव्हाही २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरत असेल तर मिनिटाला १० लिटर, दिवसाला १४,४०० लिटर पाणी कुणीही न वापरता येतंय. २०० माणसांच्या वस्तीत माणशी ८० लिटर धरले तर संपूर्ण गावाचं सांडपाणी १६,००० लिटर होतं. म्हणजे व्यवस्थेवर जवळपास दुप्पट भार.

हे पाणी गळक्या नळांचं, न थांबणाऱ्या फ्लशचं, भरून वाहणाऱ्या टाक्यांचं, किंवा सांध्यांतून आत शिरणाऱ्या भूजलाचं असतं. शोधायला सोपं आहे: त्याच वेळी खालून वर एकेक चेंबर उघडत जा. वाहतं पाणी ज्या चेंबरनंतर दिसेनासं होतं, त्याच्या आणि वरच्या चेंबरच्या मधल्या भागात ते शिरतंय.

पावसात भरणाऱ्या वाफ्याचं कारण बहुधा छपराचे पन्हाळे मोरीत सोडलेले असतात. १०० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी होतं. अशी दहा घरं जोडलेली असतील तर तासा-दोन तासांत दीड दिवसाचं पाणी टाकीत येतं आणि तळाचा गाळ उचलून नेतं. पन्हाळे आणि अंगणातलं पाणी वेगळं काढा. जमिनीच्या पातळीत बसलेली चेंबरची झाकणं वीतभर उंच करा.

५. टाकी: गाळ, साय आणि ‘टी’

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट. टाकीत कोणीही उतरायचं नाही. काही पडलं तरी नाही, कोणी पडलं तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो, प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ ‘आता धोका नाही’ असा होत नाही. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही त्यात जातो. दिवा किंवा मेणबत्ती सोडून हवा तपासायची पद्धत सोडून द्या: मिथेन पेट घेऊ शकतो आणि विषारी वायू ज्योतीला कळत नाही. झाकण उघडून अर्धा तास थांबा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, जवळपास काडी-विडी नको, आणि उघड्या टाकीपाशी सतत एक जण हवा.

आता मोजमाप. टाकीच्या खोलीपेक्षा मीटरभर लांब काठी घ्या. खालच्या टोकापासून मीटरभर पांढरं, खरबरीत टॉवेलचं कापड घट्ट गुंडाळा, वर-खाली दोऱ्याने बांधा. वरची साय (पाण्यावर तरंगणारा तेलकट थर) बाजूला सारून काठी हळूच तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटं धरा आणि सरळ वर काढा. कापडावर रेघ स्पष्ट दिसते: वरचा भाग नुसता ओला, करडा, खालचा काळा, त्याला गाळाचे कण चिकटलेले. तळापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे गाळाचा थर. सायीसाठी काठीच्या टोकाला आडवी फळी ठोका, सायीतून खाली घाला, फिरवा आणि वर ओढा. फळीला जड लागलं की तो सायीचा तळ.

दोन्ही थर मिळून पाण्याच्या खोलीच्या एक-तृतीयांश झाले की टाकी उपसायची वेळ झाली. खोली १५० सेंटीमीटर असेल तर ५० सेंटीमीटरला. गाळाचा वरचा थर बाहेर जाणाऱ्या ‘टी’च्या, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या टी-आकाराच्या पाइपाच्या, खालच्या टोकापासून ३० सेंटीमीटरच्या आत आला असेल तर एक-तृतीयांश व्हायची वाट बघू नका.

आणि ‘टी’ आहे का तेच आधी बघा. वारंवार तुंबणाऱ्या व्यवस्थेत सापडणारा सगळ्यात साधा दोष हाच: बाहेर जाणाऱ्या तोंडाचा ‘टी’ तुटून तळाला पडलेला किंवा मुळात न बसवलेला. त्याचं खालचं टोक पाण्याच्या खोलीच्या साधारण ४० टक्के खाली जायला हवं, म्हणजे १५० सेंटीमीटरला ६० सेंटीमीटर. तेवढ्या खोलीवर वरची साय नसते आणि तळचा गाळही नसतो. ‘टी’ नसेल तर तेलकट साय सरळ वाफ्यात जाते आणि तेलाने चिकटलेली खडी धुऊनही लवकर निघत नाही. आत येणाऱ्या तोंडाचा ‘टी’ चिंध्या, पॅड, प्लास्टिकने गच्च झालेला असेल तर घरांच्या मोऱ्या बुडबुडतात. तो वरूनच आकड्याने मोकळा करता येतो.

उपसा व्हॅक्यूम टँकरने, सगळ्या कप्प्यांचा करून घ्या. नुसता पहिला कप्पा उपसला तर दुसऱ्यातला गाळ पुढे जातच राहतो. टँकरवाल्याला वरची साय फोडून ओढायला सांगा, नाहीतर पाणी जातं आणि साय तशीच बसते. टाकी घासून धुवायची गरज नाही, भिंतींवरचा थर राहू द्या. भूजल वर आलेलं असताना टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका: हलकी टाकी खालून उचलली जाते आणि पाइपांचे सांधे तुटतात. गाळ कुठे जाणार ते आधी ठरवा. नाल्यात किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला ओतला तर दुखणं फक्त जागा बदलतं.

टाकीत टाकायच्या पावडरी आणि द्रावणांवर पैसे घालवू नयेत. गाळ पचवणारे जीवाणू मैल्याबरोबर आपोआप येतात. काही द्रावणं तर साय पातळ करून तीच पुढे ढकलतात. ॲसिड आणि ब्लीच मात्र मोऱ्यांतून कमीत कमी गेलं पाहिजे. सामूहिक स्वयंपाकघर किंवा खानावळ लाइनला जोडलेली असेल तर तिच्या तोंडाशीच तेल अडवणारं चेंबर हवं आणि ते दर आठवड्याला साफ व्हायला हवं.

६. खडी खरंच तुंबली आहे का?

टाकी ठीक केल्यावरच इथे या. ११० मिलिमीटरच्या पाइपाचे खाली भोकं पाडलेले तुकडे वाफ्यात उभे रोवा: एक शिरायच्या टोकापासून मीटरभर अंतरावर, एक ३ मीटरवर, एक मध्यावर, एक शेवटाला. वर समपातळीत दोरी ताणून प्रत्येकातलं पाणी दोरीपासून किती खाली आहे ते मोजा.

दोरीच्या मापावरून खडीचा पृष्ठभाग वजा करून समजा असे आकडे आले: पहिल्या नळीत पाणी खडीच्या २ सेंटीमीटर वर, ३ मीटरवर ९ सेंटीमीटर खाली, पुढे शेवटपर्यंत १० ते ११ खाली. पातळी जिथे एकदम पडते, अडथळा तिथेच. इथे फक्त पहिले ३ मीटर दोषी आहेत, बाकी वाफ्याला हात लावायचा नाही. चारही नळ्यांत सारखी आणि उंच पातळी असेल तर परत पहिल्या पायरीवर जा.

खात्रीसाठी संशयित जागेतली दोन ओंजळी खडी बादलीभर पाण्यात हलवा. पाणी काळं, दाट झालं आणि दगडांना जेलीसारखा थर चिकटून राहिला तर तुंबलेली खडी हीच.

दोन समांतर वाफे असतील तर लगेच खोदू नका. तुंबलेला वाफा कोरड्या ऋतूत तीन-चार आठवडे बंद ठेवा आणि एल्बो तळापर्यंत खाली करा. हवा आत गेली की थर वाळतो, कुजतो, बरीच वाट मोकळी होते. झाडं कोमेजू लागली तर अधूनमधून थोडं पाणी द्या. दुसरा वाफा एकट्याने तेवढे दिवस भार सोसतो का, हे त्याच्या पातळीच्या नळ्यांवरून रोज बघा.

एकच वाफा असेल किंवा विश्रांतीने भागलं नाही, तर पहिला मीटर-दीड मीटर पट्टा काढावा लागतो. १० मीटर रुंद, ०.६ मीटर खोल वाफ्यात दीड मीटरचा पट्टा म्हणजे ९ घनमीटर, साधारण ३.२ ब्रास. झाडांचे कंद ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. तळाला प्लास्टिकचा अस्तर-कागद असतो, म्हणून शेवटचा वीतभर थर टिकाव-पहारीने नाही, हाताने आणि घमेल्याने काढा. धुतलेल्या खडीचं पाणी टाकीच्या पहिल्या कप्प्यात थोडं थोडं सोडा किंवा गाळ वाळवायच्या वाफ्यात. परत भरताना सुरुवातीला अर्धा मीटर ४०–८० मिलिमीटरचे दगड, त्यापुढे १०–२० मिलिमीटरची खडी. दगड कठीण हवेत, हाताने चुरा होणारे नकोत. क्रशरवरून आलेली खडी धुतल्याशिवाय कधीही भरू नका. तिच्या अंगावरची कच पहिल्याच महिन्यात तळाशी बसते आणि सगळी मेहनत वाया जाते. दोन थरांमध्ये कापड घालायचा सल्लाही मानू नका, ते कापडच आधी तुंबतं.

कुठे थांबायचं

पातळीच्या नळ्यांनी अडथळा ३ मीटरपेक्षा लांब दाखवला तर स्वतः खोदू नका. संपूर्ण वाफाच लहान पडत असण्याची शक्यता आहे आणि तो हिशोब माणसं, पाणी आणि भार पाहून अभियंत्याने करायचा असतो. टाकीच्या भिंतीला किंवा मधल्या पडदीला तडा गेला असेल, काही काढायला आत उतरावं लागणार असेल, छातीपेक्षा खोल चेंबरमध्ये अडथळा असेल, तर काम वायुमापक, ताजी हवा देणारा पंखा, दोर आणि मास्क असलेल्या प्रशिक्षित पथकाचंच आहे.

पाणी शिरतंय पण बाहेर काहीच पडत नाही, हेही थांबायचं लक्षण. फक्त घाई नको: कडक उन्हाळ्यात झाडं आणि ऊन मिळून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडवू शकतात, म्हणजे ४५० चौरस मीटरच्या वाफ्यातून ३,६०० लिटर. पण थंडी-पावसातही बाहेरचं चेंबर कोरडं असेल तर अस्तर फाटलंय असं समजा. जवळच्या विहिरी-बोअरचं पाणी तपासून होईपर्यंत पिण्यासाठी वापरू नका आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवा.

त्याला बोलावताना हातात कागद असू द्या: सकाळची आणि पहाटेची आवक, बाटलीतला गाळ, काठीवरचं माप, चार नळ्यांची पातळी, टाकी शेवटची कधी उपसली ती तारीख, जोडलेली घरं आणि माणसं. एवढं समोर असलं तर तो पहिल्या फेरीतच नेमक्या जागी हात घालू शकतो.